मदत हवी आहे: डायव्हिंग मास्कमध्ये सारखं पाणी शिरतंय

माझा चेहरा अरुंद आहे, त्यामुळे मास्क नीट बसतच नाही. घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढून बघितला, मस्त चिकटला होता, पण पाण्यात रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं उपकरण) तोंडात धरला की गाल हलतात आणि वरच्या ओठापाशी पाणी झिरपायला लागतं. मिशी काढली, केस आत अडकत नाहीत ना तेही बघितलं, पट्टा आवळला तर सिलिकॉनची कड दुमडून गळती उलट वाढतेच. १० मीटरवर सारखं नाकाने हवा सोडून मास्क रिकामा करत बसायचं, फार वैताग येतो हो. अरुंद चेहऱ्याला लो व्हॉल्यूम मास्क (आत कमी हवा मावणारा) बरा पडतो का? आणि पुढचा घेताना माउथपीस तोंडात धरूनच ट्राय करू का? प्लीज स्वतःचा अनुभव सांगा.