सरपटणारे प्राणी विकणारे चांगले दुकान कसे ओळखावे?

प्रश्न: माझ्या मुलीला बॉल पायथन (अजगराच्या कुळातील बिनविषारी साप) पाळण्याची फार इच्छा आहे. पुण्यातील काही दुकाने आम्ही पाहिली. परंतु दुकान विश्वासार्ह आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद १: आधी कागदपत्रे पाहावीत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुकानाची नोंदणी राज्य पशु कल्याण मंडळाकडे असावी लागते आणि हा साप आफ्रिकेतील असला, तरी ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे त्याच्या मालकीची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. जो दुकानदार कागद दाखवण्यास टाळाटाळ करतो, त्याची पायरी पुन्हा चढू नये. कोणी भारतीय अजगर किंवा तारा कासव विकत असेल, तर तो सरळ गुन्हा आहे. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर अवश्य कळवावे.

प्रतिसाद २: वरील मुद्द्यांशी सहमत आहे, पण माझ्या मते खरी परीक्षा साप ठेवलेल्या पेटीपाशी होते. पेटीची एक बाजू सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी त्याहून थंड असावी, तसेच लपायला जागा असावी. साप हाती घेऊन हनुवटीखालच्या खवल्यांत व डोळ्यांच्या कडेला बारीक काळे ठिपके हलताना दिसतात का, हे नीट पाहावे; ते रक्त शोषणारे परजीवी असतात. श्वासात घरघर नसावी. ही जात महिनोन्महिने अन्न नाकारू शकते, म्हणून खाण्याची नोंदवही मागावीच.

प्रतिसाद ३: हा साप वीस वर्षांहून अधिक जगतो. ही गोष्ट दुकानदार स्वतःहून सांगतो का, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य सुचवतो का, हेही पाहावे.