बिलात 'केअर चार्जेस' : हा शब्द आपल्याला आळशी करतोय का?

घंटाळीकर (ठाणे)
आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरी ब्यूरोची बाई येते, बारा तासांची. काल महिन्याचं बिल आलं, त्यात एक ओळ : 'केअर चार्जेस'. बाई उत्तम आहेत, पैशांबद्दल तक्रार नाही. शब्द खुपला. घरून नौपाड्यातून स्टेशनपर्यंत चालत निघालो तर डेंटल केअर, स्किन केअर, पेट केअर आणि वर कार केअर! आपल्याकडे गाडीची देखभाल, झाडांची निगा, आजाऱ्याची शुश्रूषा, लेकराचं संगोपन, सगळ्यांना आपापला शब्द होता. तो अख्खा संसार एका पिशवीत कोंबलाय.

नेरुळची सून
शुश्रूषा? घरात हा शब्द शेवटचा कधी बोललात हो? सासऱ्यांचं सात वर्षं केलं मी. 'केलं', एवढंच. मराठी बाई 'सासूचं करते', 'सासऱ्यांचं करते'. काय करते, ते कोणी विचारत नाही. पथ्याचा भात, बेडपॅन, रात्री तीनला कूस बदलून देणं, चादर ओली झाली तर पुन्हा उठणं. धड नाव नाही म्हणून हिशेबही नाही. बिलावर केअर छापून आलं, म्हणजे निदान ते काम आहे हे तरी कबूल झालं.

घंटाळीकर
मग 'सेवा' म्हणा की.

नेरुळची सून
सेवा म्हटलं की फुकट आलंच. नको.

शब्दवेडा
भांडण गोड आहे, पण पाया बघा. जुन्या इंग्रजीत केअर म्हणजे दुःख, चिंता. जर्मन लोक गुड फ्रायडेला 'कारफ्रायटाग' म्हणतात, त्यातला 'कार' याच घराण्यातला, म्हणजे शोक. (बरेच जण लॅटिन 'क्यूरा'शी नातं जोडतात. नाही. नुसते दिसायला सारखे.) सांभाळण्याचा अर्थ मागाहून आला. आपली 'काळजी' तरी वेगळी कुठे? काळजी केली की झोप उडते, काळजी घेतली की औषध वेळेवर जातं. क्रियापद तेवढं बदलतं. त्यामुळे घंटाळीकर, परकी म्हणून जिला हाकलताय ती काळजीची जुळी बहीण निघाली.

आणि पेशंटजवळ बसणाऱ्या बाईंना आपण सर्रास 'केअरटेकर' म्हणतो, तेही गमतीचं. इंग्लंडात केअरटेकर म्हणजे मुख्यतः शाळा-इमारतीची राखण करणारा. पेशंटचं करणारा तो 'केअरर'. आपलं काळजीवाहू सरकार मात्र थेट त्या केअरटेकरवरूनच आलं.

खारघर सेक्टर बारा
माझा पाठिंबा घंटाळीकरांना, कारण वेगळं. मराठीने हा शब्द जागा बघून उतरवला होता. आयसीयूतली केअर म्हणजे अतिदक्षता. डे केअर म्हणजे पाळणाघर. पाकिटावरचं केअर ऑफ म्हणजे द्वारा. 'आय डोन्ट केअर'ला 'गेलास उडत'! एवढी अक्कल असताना आता पाळणाघराच्या पाटीवरही 'किड्स केअर' लिहायचं? पाळणाघर शब्दात पाळणा दिसतो हो.

शब्दवेडा
दिसतो, मान्य. पण शुद्धतेचा झेंडा नको. तुमची लाडकी 'निगा' फारसीतली, 'पर्वा'ही तिकडचीच. फिकीर तर अरबीतून आली.

नेरुळची सून
पाळणाघर मलाही आवडतं. पण म्हाताऱ्या माणसासाठी असा एक शब्द सांगा, ज्यात वृद्धाश्रमाचा वास येणार नाही. मी थांबते.

घंटाळीकर
अजून सापडला नाही. आज बाईंनाच विचारलं, तुम्ही या कामाला काय म्हणता? आईची वेणी घालत होत्या. म्हणाल्या, "ड्यूटी. मी आजींच्या ड्यूटीला आहे." मग रबर लावता लावता, "गावाकडे माझ्या आईचं भावजय करते."

खोपटचा शेजारी
चर्चा छान. बारा तासांचे किती पडतात? आम्हालाही पुढच्या आठवड्यापासून बाई हवीय, रात्रपाळीची.