'दप्तरी दाखल' म्हणजे अर्जाचं नेमकं काय झालं? नगरपालिकेच्या कागदांतले शब्द

भायखळा:
नमस्कार मंडळी, एक शब्द विचारायचाय आणि त्या निमित्ताने आणखी दोन-चार. आमचं गावचं घर कोकणातल्या एका छोट्या शहरात आहे, तिथे ग्रामपंचायत नाही तर नगरपरिषद आहे. घरासमोरचं गटार तुंबतं म्हणून वडिलांनी अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं की "आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे". वडील खूष, म्हणतात दाखल करून घेतला ना, आता होईल काम. पण इकडे मुंबईत पेपरात आपण वाचतो की स्थायी समितीने अमुक प्रस्ताव दप्तरी दाखल केला, आणि त्या बातम्यांत तर प्रस्ताव बारगळला असाच अर्थ असतो. मग दोन्हीकडे एकच अर्थ आहे का? आणि सोबत घरपट्टीची नोटीस आलीय त्यात 'चतुर्वार्षिक आकारणी', 'करयोग्य मूल्य', 'भोगवटादार' आणि 'शास्ती' असे शब्द आहेत, तेही कुणी नीट सांगितले तर बरं होईल. शब्दकोशात शब्द सापडतो हो, पण तो ऑफिसात कसा वापरतात ते कोशात कुठे असतं?

अंबरनाथ:
ताई, मी नगरपरिषदेत लिपिक होतो, आता रिटायर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अर्थ दोन्हीकडे एकच. दप्तरी दाखल म्हणजे कागद रेकॉर्डला लावला आणि त्यावर पुढे काही करायचं नाही. 'दाखल' शब्दामुळे माणूस फसतो कारण हॉस्पिटलात दाखल, गुन्हा दाखल, अर्ज दाखल, या सगळ्यात दाखल म्हणजे सुरुवात असते, आणि इथे ती अखेर आहे. दप्तर हा फारसीतून आलेला शब्द, मूळ ग्रीकमधला, कातड्यावर लिहायचे त्यावरून. आपल्याकडे पोरांची शाळेची पिशवी पण दप्तर आणि सरकारी जुने कागद पण दप्तर, पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले त्यांना रुमाल म्हणतात. तर तुमच्या वडिलांचा अर्ज अशा रुमालात गेला असं समजा.

सभेत हाच शब्द आला तर जरा राजकारण असतं. एखादा विषय सरळ "नामंजूर" म्हटला की त्याची कारणं द्यावी लागतात, कुणाला तरी दुखवावं लागतं. दप्तरी दाखल म्हटलं की विषय संपतो आणि नाही म्हटल्याचा आरोप कुणावर येत नाही. माझ्या मते नागरिकाला द्यायच्या पत्रात हा शब्द वापरायलाच नको. "या अर्जावर कार्यवाही करता येत नाही, कारण अमुक" एवढं लिहायला किती शाई लागते? वडिलांना सांगा की नवीन अर्ज करा, त्यात जुन्या अर्जाचा आवक नंबर आणि तारीख लिहा आणि विचारा की कोणत्या कारणाने दप्तरी दाखल केला. आवक-जावक म्हणजे कागद आत आला की नोंद, बाहेर गेला की नोंद. आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

बोरीवली:
काका भारी माहिती. याच्या जोडीला 'नस्तीबद्ध' पण घ्या, तोही तसलाच शब्द ना? नस्ती म्हणजे फाईल एवढं माहितीय.

अंबरनाथ:
हो दादा, नस्ती म्हणजे फाईल, नस्तीबद्ध म्हणजे फाईल बंद करून ठेवली. पण ऑफिसात तोंडाने कोणी नस्ती म्हणत नाही, सगळे फाईलच म्हणतात, नस्ती फक्त टिपणीत लिहितात. टिपणी म्हणजे फाईलवर खालून वर जाणारं लेखी मत, लिपिक लिहिणार, मग विभागप्रमुख, मग मुख्याधिकारी म्हणजे नगरपरिषदेचे प्रशासकीय प्रमुख. आणखी एक शब्द 'निकाली काढला'. लोक त्याचा अर्थ घेतात की निकाल लागला, आपल्या बाजूने लागला. तसं काही नाही, निकाली काढणे म्हणजे प्रकरण यादीतून कमी केलं, होकार देऊन असो नाहीतर नकार देऊन.

भायखळा:
काका खूप आभार. वडिलांना फोन करून सांगते. आता सभेच्या विषयपत्रिकेतला एक शब्द, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". इतिवृत्त म्हणजे मिनिट्स हे कळलं, कायम करणे म्हणजे काय? ते तर लिहिलेलंच असतं ना?

अंबरनाथ:
हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण पहिल्या नंबरचा विषय म्हणून सगळे तो ऐकतही नाहीत आणि खरा खेळ तिथेच असतो. सभेत काय ठरलं ते तोंडी ठरतं, लिहून होतं नंतर. लिहिताना एक वाक्य इकडचं तिकडे झालं, "चौकशी करून मंजूर" ऐवजी नुसतं "मंजूर" पडलं की ठरावाचा अर्थच बदलतो. म्हणून पुढच्या सभेत ते वाचायचं आणि सदस्यांनी म्हणायचं की हो, असंच ठरलं होतं. त्याला कायम करणे म्हणतात. कुणाला वाटलं चुकीचं लिहिलंय तर तिथेच उठून बोलायचं, मग "दुरुस्तीसह कायम" असं लिहितात. एकदा कायम झालं की नंतर कितीही ओरडा, कागदच खरा. नवीन निवडून आलेल्या नगरसेवकांना मी नेहमी हेच सांगायचो की बाकीच्या विषयांवर भाषण नका करू एक वेळ, पण हा विषय चुकवू नका.

तसाच शेवटचा विषय, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". ऐनवेळचा विषय म्हणजे खरंतर पाइपलाइन फुटली, साथ आली, अशा तातडीच्या गोष्टींसाठी. पण जे आधी छापलं तर लोक जागे होतील तेही ऐनवेळी आणता येतं. मधले वीस विषय वाचण्यात अर्धी सभा संपते आणि ऐनवेळचे विषय चर्चेविना मंजूर होतात. हे मला कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही.

बोरीवली:
तहकूब आणि बरखास्त यात लोक फार गोंधळ करतात त्यावर पण लिहा ना. आमच्या सोसायटीच्या एजीएमच्या नोटिशीत पण असतं की कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) नसेल तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी घेतली जाईल.

अंबरनाथ:
तहकूब म्हणजे थांबवली, पुन्हा भरणार. बरखास्त म्हणजे उठली, संपली, हा फारसी शब्द, मूळ अर्थच उठणे असा आहे. आणि अख्खी नगरपरिषदच बरखास्त झाली तर सदस्यांची पदं जातात आणि प्रशासक बसतो. कोरमला कागदावर गणपूर्ती म्हणतात. सोसायटीचं दिलंत ते उदाहरण बरोबर आहे आणि नगरपरिषदेतही तसंच, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे नगरसेवक मुद्दाम गैरहजर राहून विषय कायमचा अडवू शकत नाहीत, पण उलटही होतं, पुढच्या वेळी चार डोकी हजर असतात आणि तीच ठरवतात. पेपरात "सभा तहकूब" एवढीच बातमी आली तर पुढची तारीख शोधा, कारण खरे निर्णय त्या दिवशी होणार असतात.

मुंबई महापालिकेत तहकूब शब्दाला वेगळंच वजन आहे हां. तिथे "झटपट सभातहकुबी" मांडतात, निषेध म्हणून, म्हणजे एखादी गंभीर घटना झाली आणि प्रशासन उत्तर देत नाही तर नगरसेवक सभा तहकूब करा अशी मागणी करतात.

चुनाभट्टी:
मी मध्येच येतोय पण एक मुद्दा मांडायचाच आहे. शहर बदललं की तोच शब्द बदलतो हे कुणी लक्षात घेत नाही. मुंबईत वॉर्ड म्हटलं की एल वॉर्ड, जी नॉर्थ, के वेस्ट, म्हणजे वॉर्ड ऑफिस असलेला मोठा प्रशासकीय विभाग, लाखो लोकांचा, त्याचा प्रमुख सहायक आयुक्त, ज्याला सगळे वॉर्ड ऑफिसर म्हणतात. नगरसेवक निवडून येतो तो प्रभाग, आणि मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत, एका प्रभागातून एकच नगरसेवक. माझी बायको सातारकडची, तिच्या माहेरी "आमच्या वॉर्डात" म्हणतात तेव्हा चार गल्ल्या असतात, वॉर्ड ऑफिस नावाचं काही नसतंच, सगळं एकाच इमारतीत. आणि तिथे एका प्रभागातून दोन नगरसेवक, मग काम कुणाला सांगायचं यावरून वाद, दोघंही म्हणणार त्याला विचारा.

महापौर आणि नगराध्यक्ष पण लोक सारखेच समजतात. मुंबईचा महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी, आणि खरी सत्ता आयुक्तांकडे, हे १८८८ च्या मुंबईच्या कायद्यापासून चालत आलंय. नगराध्यक्षाला आता लोक थेट मत देतात. ही पद्धत मध्ये बंद झाली, परत आली, असं बऱ्याचदा झालंय. महापौर हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीतला, तो रुजला कारण छोटा आहे आणि बोलता येतो. मुख्याधिकारी मात्र बोलण्यात सीओ साहेबच राहिले.

बोरीवली:
आणि नगरपालिका की नगरपरिषद? बोर्डावर नगरपरिषद असतं पण माझी आजी म्हणते मुन्शिपालटी.

चुनाभट्टी:
१९६५ च्या कायद्यात नगरपरिषद आहे, म्हणून बोर्डावर, शिक्क्यावर तेच. बोलताना नगरपालिका किंवा नुसतं पालिका. आजीचा मुन्शिपालटी सगळ्यात जुना, तो मरू देऊ नका, आमच्याकडे पण मुन्शिपालटीची शाळा, मुन्शिपालटीचा नळ असंच म्हणायचे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली तेव्हापासून खेड्याचं शहर होत असेल तिथे नगरपंचायत, छोट्या शहराला नगरपरिषद, मोठ्याला महानगरपालिका. आणि नगरपंचायतीत पंचायत शब्द असला तरी ती ग्रामपंचायत नाही, तिथे सरपंच नसतो, नगराध्यक्ष असतो. मला सगळ्यात आवडणारं नाव माथेरानचं, गिरिस्थान नगरपरिषद. हिल स्टेशनला इतका चांगला शब्द आहे आणि आपण तो बोर्ड सोडून कुठेच वापरत नाही.

भायखळा:
हे सगळं वाचून मजा येतेय पण माझी घरपट्टीची नोटीस राहिली बरं का. मुंबईत आम्हाला हे शब्द भेटतच नाहीत, टॅक्स सोसायटीच्या मेन्टेनन्स बिलातून जातो, पाण्याचं पण तसंच.

अंबरनाथ:
घेऊ, घाई नको ताई, पण नोटिशीत हरकतीची मुदत लिहिलेली असेल ती आधी बघा, ती चुकली तर बाकीच्या शब्दांचा उपयोग नाही.

आकारणी म्हणजे कर किती बसवायचा ते ठरवणं, वसुली ही त्यानंतरची गोष्ट. चतुर्वार्षिक म्हणजे दर ४ वर्षांनी सगळ्या मालमत्तांची आकारणी नव्याने. करयोग्य मूल्य म्हणजे तुमच्या घराची बाजारातली किंमत नव्हे, हा गैरसमज घरोघरी आहे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य, आणि त्याच्यावर टक्केवारीने कर. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्य, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवरचं मूल्य धरतात, ते रेडीरेकनरवरून (सरकारने ठरवलेल्या दरांवरून), म्हणून मुंबईच्या माणसाला गावचा आकडा बघून एवढंच कसं किंवा एवढं कसं असं दोन्ही वाटू शकतं.

भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरतो तो. मालक वेगळा, भोगवटादार वेगळा असू शकतो. तुमच्या नोटिशीत मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे आणि भोगवटादाराच्या रकान्यात कोणाचं ते नीट वाचा, आजोबांचंच नाव राहिलेलं असतं कित्येकदा. आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ती कर भरल्याचा पुरावा.

शास्ती म्हणजे दंड, संस्कृत शास् धातूवरून, शासन शब्द पण तिथलाच. थकबाकीवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. वडीलधारी माणसं म्हणतात भरू पुढच्या वर्षी एकदम, त्यांना कुणी सांगत नाही की शास्ती हा शब्द व्याजापेक्षा कडक आहे. नोटिशीत शास्ती लावलीय तर कोणत्या वर्षापासूनची ते विचारा, कधीकधी जुनी पावती दाखवली की निम्मी रक्कम जाते.

आणि हरकत शब्दाला घाबरू नका. हरकत घेणे म्हणजे भांडण नाही, तो तुमचा हक्क आहे, लेखी द्यायची, सुनावणीला जायचं, शेजाऱ्याच्या तशाच घराची आकारणी किती ते सांगायचं. हिंदीत हरकत म्हणजे चाळा, आगळीक, आणि मराठीत आपण रोज म्हणतो "काही हरकत नाही", किती सभ्य शब्द झालाय बघा.

बोरीवली:
जकात राहिली काका, शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घ्यायचे तो कर. मुंबईतली जकात ३० जून २०१७ ला संपली, जीएसटी आला, तरी बस कंडक्टर आजही मुलुंड चेकनाका, दहिसर चेकनाकाच ओरडतो.

चुनाभट्टी:
मला शेवटी एक बोलायचंय. २०२२ मध्ये कायदा आला की स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतच करायचा. चांगलंच झालं, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण "सदर प्रकरणी उचित कार्यवाहीस्तव" असं लिहून आलं तर मराठी शिकलेल्या माणसालाही दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. इतिवृत्त, आकारणी, अनुमोदक (ठरावाला दुजोरा देणारा) हे शब्द ठेवा, ते नेमके आहेत, त्यांना पर्याय शोधायची गरज नाही. पण नागरिकाला जे पत्र जातं त्यात क्रियापद तरी सरळ असावं, केलं, करणार आहोत, करणार नाही, या तिघांपैकी एक.

अंबरनाथ:
अगदी पटलं. आणि 'उचित कार्यवाहीस्तव' चा अर्थ पण लिहून ठेवतो कारण तो सगळ्यांच्या पत्रात येतो. मी हा कागद पुढच्या टेबलाकडे पाठवला, निर्णय मी घेतलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पत्राच्या खाली 'प्रत' म्हणून ज्या विभागाचं नाव असेल तिकडे जाऊन विचारायचं, ज्याने सही केली त्याच्याकडे नाही.