फुकटची सहल? नाही हो

'मिशनच्या नावाखाली पोरं वर्षभर फुकट परदेश फिरून येतात' असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितो. माझी भाची भायखळ्याची, मराठी चर्चमधली. केनियात नैरोबीला मिशनची इंटर्न म्हणून गेली होती. पगार शून्य! राहण्याखाण्याचे पैसेसुद्धा तिनेच आधी चर्चच्या मंडळीतून जमवले, मग दर महिन्याला देणगीदारांना पत्र. काम म्हणजे खुर्च्या मांडणं, संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, आणि उरलेल्या वेळात तिथली भाषा स्वाहिली शिकणं. देवाला स्वाहिलीत 'मुंगू' म्हणतात. पहिल्याच प्रार्थनेत हिला मुंगी आठवली आणि फिस्सकन हसू फुटलं. पुढचा आठवडा बिचारी मान खाली घालून वावरत होती.

उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आवडायला दोन महिने लागले. तिथलं घड्याळ अडीच तास मागे, त्यामुळे ताईला रात्री साडेअकराला फोन यायचा आणि विषय एकच, पिठलं.

उलटा प्रवास आठवा. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. कंपनी सरकार त्याला परत धाडायला निघालं होतं. तो राहिला, मराठी शिकला आणि १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच गेला.

भाची आता परत आलीय. चहात दूध जास्त मागते, एवढाच फरक.