१०४ मतांत गावठाणाची किती आणि सोसायट्यांची किती?

घणसोलीकर

काल इथे एकानं लिहिलं की नवी मुंबईचा महापौर कायम गावठाणाच्या तालावर चालतो, कारण गावठाण आणि झोपडपट्टी गठ्ठ्यानं मतदान करते आणि "सुशिक्षित नोड" (म्हणजे सिडकोनं वसवलेल्या सेक्टरांच्या वसाहती) विभागले जातात. पुरावा म्हणून २०१६. महापौर सुधाकर सोनवणे, बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवणारे आयुक्त तुकाराम मुंढे, आणि मुंढेंवर अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६. उपाय काय, तर महापौर थेट जनतेतून निवडा. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. हे वाचून गप्प बसवेना.

आधी साधा हिशेब करू. २०१५ चं सभागृह १११ जणांचं. राष्ट्रवादी ५२, शिवसेना ३८, काँग्रेस १०, भाजप ६, अपक्ष ५. मुंढेंच्या बाजूनं उभे राहिले ते भाजपचे सहा. ठरावाच्या बाजूचे १०४ सगळे घणसोली, गोठिवली, दिवाळे असल्या गावांतून आले होते का? वाशी, नेरुळ, सीवूड्स, बेलापूरच्या सेक्टरांतून निवडून आलेल्यांनीही ठरावाच्या बाजूनंच मत दिलं. तेव्हा एका वॉर्डाला एकच नगरसेवक होता. म्हणजे तुमचा नगरसेवक तुमच्याच मतांवर आलेला. त्याला सोसायटीत बोलावून एकानं तरी जाब विचारला? नाही. खापर मात्र गावावर.

दुसरं, महापौराच्या हातात असतं काय? सभा चालवायची, अडीच वर्षं गाडी वापरायची. कारभार आयुक्ताचा, खर्चाची मंजुरी स्थायी समितीची. पद कुणासाठी राखीव तेसुद्धा मंत्रालयातल्या सोडतीत ठरतं. आणि मे २०२० पासून जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत महापौरच नव्हता, प्रशासक होता. त्या साडेपाच वर्षांत शहर सुधारलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

सिडकोनं ९५ गावांची जमीन घेतली, त्यावर हे नोड उभे राहिले. त्याच गावातल्या माणसाच्या मताला "गठ्ठा" म्हणताना थोडा विचार करा.

नेरुळ ईस्ट

ती पोस्ट माझी होती. आकडे बरोबर आहेत तुमचे, निष्कर्ष चुकीचा.

मुंढेंच्या "वॉक विथ कमिशनर"ला मी गेलो आहे. सकाळी बागेत लोक रांगेत उभे, हातात अर्ज. माझ्यापुढच्या आजींनी फुटपाथवर आलेल्या दुकानाची तक्रार केली. संबंधित अधिकारी मागेच उभा होता, त्याला तिथल्या तिथे तारीख ठरवून दिली. माझ्या आयुष्यात असं काम झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. अशा माणसाविरुद्ध एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे राष्ट्रवादी आणि शिवसेना एका रात्रीत एक होतात, याचा अर्थ कुणाचे तरी हितसंबंध दुखावले होते. कायद्यानं पाच अष्टमांश मतं लागतात, १११ पैकी ७०. यांनी १०४ गोळा केली. तरी सरकारनं मुंढेंना मार्च २०१७ पर्यंत ठेवलं, ते लोकांच्या रेट्यामुळे.

थेट महापौर का? १९९५ चे पहिले महापौर संजीव नाईक, २०१० नंतर सागर नाईक, दोघं गणेश नाईकांच्याच घरातले. २०१९ ला गणेश नाईक राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले, त्यांच्यामागे नगरसेवक गेले आणि एकही मत न पडता पालिकेची सत्ता एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेली. ज्यांनी घड्याळाचं बटण दाबलं होतं त्यांना कुणी विचारलं? उरणला लोक नगराध्यक्ष थेट निवडतात, मग आम्ही का नाही?

आणि गावठाणाचं बोलताय म्हणून विचारतो. दोन हातांच्या गल्लीत पाच-पाच मजले चढवलेत, उद्या आग लागली तर बंब कुठून जाणार? त्याला संरक्षण कोण देतं?

घणसोलीकर

आलात ना शेवटी मूळ पोटदुखीवर!

गरजेपोटी घरं म्हणतात त्यांना, दादूस. माझ्या आजोबांचं भातशेत गेलं. मोबदल्यात गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळायला वडिलांची उमेद सरली. चार भावांची कुटुंबं एका कौलारू घरात राहत होती. गावठाणाची हद्द वाढवून द्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मागणी होती, ती ऐकली नाही. मग माणूस वर बांधणार नाही तर काय खाडीत राहणार? १९८४ ला जमिनीच्या लढ्यात जासईला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी गेले, ते हौस म्हणून गेले नाहीत. आमचे नेते दि. बा. पाटील लढले म्हणून साडेबारा टक्के तरी पदरात पडले.

कोपरखैरणे माथाडी

दोघांच्या भांडणात आम्ही कुठेच नाही, हे नेहमीचंच.

वडील पाटण तालुक्यातून आले, मार्केटमध्ये पाठीवर पोती वाहिली. बैठं घर मिळालं, एक खोली आणि मोरी. मी, दोन भाऊ, त्यांची लग्नं. वर एक मजला चढवला, मग दुसरा. आमच्या आळीत सगळ्यांनी हेच केलंय. ते गावठाण नाही आणि तुमचं "सुशिक्षित नोड"पण नाही. मुंढेंच्या वेळी आमच्याकडे नोटिसांची भीती घरोघरी होती. आई रात्री उठून दाराला कडी लावलीय का बघायची. आमच्या नगरसेवकानं अविश्वासाला मत दिलं तेव्हा आळीत पेढे वाटले, आणि मी ते खाल्ले. आयुक्त प्रामाणिक होता, हे मला मान्य आहे. पण प्रामाणिक माणूस माझं घर पाडणार असेल तर मी त्याला मत देणार नाही. याला गठ्ठा म्हणा, काही म्हणा.

वाशी जुनी रहिवासी

नेरुळकर, बाल्कन्या कुणी बंद केल्या ते आधी सांगा. आमच्या सेक्टरमध्ये मूळ नकाशाप्रमाणे राहिलेलं एक घर मला दाखवा. तळमजल्यावाल्यांनी मोकळी जागा पत्रे ठोकून आत घेतली, रो हाउसवाल्यांनी गाडीच्या जागी खोली काढून भाड्यानं दिली, आणि आता गाडी रस्त्यावर. माझ्या यजमानांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स दोन्ही बाजूंच्या गाड्यांमुळे गेटपर्यंत येऊ शकली नाही. खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं. त्या गाड्या सगळ्या सोसायटीवाल्यांच्या होत्या, गावठाणाचा त्यात एकही नव्हता. सभेत विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाला, वहिनी, शेजारधर्म बघा.

नेरुळ ईस्ट

ताई, विषय महापौराचा चाललाय, पार्किंगचा नाही.

वाशी जुनी रहिवासी

विषय तोच आहे. २०१६ ला मार्जिनल स्पेसवर, म्हणजे इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत वाढवलेल्या बांधकामांवर, हातोडा पडला तेव्हा आमच्याच इमारतीतले, सकाळी मुंढेंचं कौतुक करणारे, संध्याकाळी नगरसेवकाकडे "आमचं तेवढं वाचवा" म्हणून गेले होते. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या १०४ मतांत हीसुद्धा मतं आहेत.

दिघा

तुमच्याकडे बाल्कनीवरून वाद, आमच्याकडे इमारतच गेली. दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारती, २०१५ ला हायकोर्टाच्या आदेशानं पाडायला सुरुवात झाली. आम्ही कर्ज काढून घर घेतलं होतं, बिल्डर पळाला, हप्ता चालू राहिला. तेव्हा नोडमधून कुणी आलं नाही, गावठाणातूनही नाही. सगळे पक्ष मात्र आले, फोटो काढून गेले. मोरबे धरण आपल्या पालिकेचं म्हणून मिरवता ना? आमच्या वस्तीत नळाला पाणी येतं तेव्हा माणसं कामावर गेलेली असतात. आम्ही पाण्याच्या टाकीसाठी मत देतो. त्यात लाज कसली?

नेरुळ ईस्ट

दिघ्याच्या दादांचं म्हणणं ऐकून घेतलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. धरण विकत घेण्याचा निर्णय याच राजकारण्यांचा, शेजारच्या ठाण्याकडे स्वतःचं धरण नाही, हेही मान्य करतो. वाशीच्या ताईंनी सोसायट्यांचं जे सांगितलं तेही खोटं नाही. पण म्हणून २०१६ चा ठराव योग्य ठरत नाही. चूक सगळ्यांची असली तरी ती चूकच.

घणसोलीकर

ठराव योग्य होता असं मी कुठे म्हणालो? तो सगळ्या शहराचा होता, एवढंच म्हणतोय, आणि तीन जणांनी इथे तेच सांगितलं. थेट महापौर मला चालेल, पण आयुक्ताचे अधिकार त्याला देणार असाल तर. नुसता हार घालायला थेट माणूस निवडून काय उपयोग? आणि आता तर बहुतेक प्रभाग चार-चार नगरसेवकांचे. चार बटणं दाबून आलोय, गटार तुंबलं तर चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आधी प्रत्येक प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना एकत्र बसवून लोकांसमोर उत्तरं द्यायला लावा. घणसोलीत आम्ही बोलावतोय. सेक्टरवाले येणार का?

नेरुळ ईस्ट

बोलावा, येतो. पण गल्लीतल्या पाचव्या मजल्याचा प्रश्न मी तिथेही विचारणार आहे.

कोपरखैरणे माथाडी

विचारा. मग आमच्या दुसऱ्या मजल्याचं काय करणार तेही त्याच सभेत सांगा, म्हणजे मी आईला घेऊन येतो.