कॉन्ट्रास्टमध्ये काही उजळलं नाही, तरी बायोप्सी?

ताई, आईंच्या साध्या मॅमोग्राफीत कॅल्शियमचे संशयास्पद कण, बायरॅड्स ४, म्हणजे कॅन्सरची शंका, तुकडा काढून तपासावा (बायोप्सी) अशी श्रेणी. कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीत, म्हणजे शिरेतून आयोडिनचं औषध देऊन काढलेल्या फोटोंत, मात्र काही उजळलं नाही, मग बायोप्सी कशाला, असं विचारलंय तुम्ही. बायोप्सी करायचीच. दुधाच्या नलिकेतच असलेला सुरुवातीचा कॅन्सर कधीकधी कॉन्ट्रास्ट घेतच नाही. उलट फायब्रोअॅडिनोमासारखी निरुपद्रवी गाठ झक्क उजळते.

कॉन्ट्रास्टची तपासणी नीट झाली होती का, तेही बघा. आयोडिनचं औषध किलोमागे साधारण १.५ मिली, शिरेतून सेकंदाला २-३ मिली वेगानं सोडतात. तेव्हा स्तन दाबायचा नसतो, दाबला तर रक्तच पुरतं पोहोचत नाही. दोनेक मिनिटांनी फोटो सुरू: प्रत्येक बाजूला एक कमी ऊर्जेचा, लगेच एक जास्त ऊर्जेचा. एकातून दुसरा वजा केला की औषध कुठं साठलंय ते दिसतं. मधे जरा हललं की या वजाबाकीत खोट्या रेघा उमटतात. दहा मिनिटांच्या आत सगळं उरकायचं, पुढं औषध ओसरतं.

गारगोटीहून कोल्हापूरला परत याल तेव्हा जुन्या फिल्म किंवा सीडी आणा, नुसता रिपोर्टचा कागद नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर बायोप्सीची तारीख घेतानाच सांगा. आपल्या मनानं बंद करू नका.