सासऱ्यांच्या पेटीतल्या चार बाटल्या: पोर्ट, शेरी, मदेरा. काय प्यायचं, काय ओतायचं?

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

माझे सासरे बोटीवर होते, इंजिनरूमला. निवृत्तीनंतर मालवणजवळच्या घरीच राहिले. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर आवराआवर काढली, तर बाळंतिणीच्या खोलीतल्या पेटीत, जुन्या कागदांखाली चार बाटल्या निघाल्या. घरात कुणालाच पत्ता नव्हता. (सासूबाईंना असावा, असा मला संशय आहे.) दिवाळीला दीर-जाऊ येतायत, तेव्हा बाबांच्या आठवणीत एखादी उघडू असं ठरतंय. सासूबाईंचं म्हणणं एकच, "मोरीत ओता."

१) काळी, जड बाटली. पोर्ट, व्हिंटेज १९८५. एका बाजूला चुना उडाल्यासारखा पांढरा फटका. आडवी ठेवलेली होती. बूच पूर्ण आत.

२) पोर्ट, टॉनी, २० वर्षे. मागे बाटलीत भरल्याचं साल २००९. बुचावर प्लॅस्टिकची टोपी. सीलबंद.

३) शेरी, फिनो. सीलबंद. सोबत विमानतळावरची पावती, २०१२ ची.

४) मदेरा, बोआल, १० वर्षे. ही निम्मी संपलेली. बाबांनी उघडून तीन वर्षं तरी झालीच असतील, कारण शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं बंद होतं.

पोर्ट म्हणजे गोव्याहून येणारी गोड लाल वाईन, इतकंच माझं ज्ञान. एवढ्या वर्षांत यांचं व्हिनेगर झालं असेल का? पिऊन त्रास होईल का? आणि दोन्ही पोर्टच, तर एक काळीकुट्ट नि दुसरी उजेडात धरली की मधासारखी, असं कसं?

मांडवीकाठचा:
आमच्या गोव्याचं आधी सांगतो. इथं पोर्ट म्हणून जी स्वस्त गोड वाईन मिळते तिचा तुमच्या बाटल्यांशी संबंध फक्त नावाचा. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालात, दौरू नदीच्या खोऱ्यात होते. पोंबालच्या मार्किसने (तेव्हाचा पोर्तुगालचा मंत्री) १७५६ मध्ये त्या मुलुखाची हद्दच आखून दिली होती. पहिल्या दोन बाटल्यांच्या गळ्यावर, बुचावरून खाली आलेली कागदी पट्टी आहे का बघा. ती तिथल्या नियामक संस्थेची हमी असते.

आणि मोरीत काही ओतू नका हो!

कडबोळं:
ताई, व्हिनेगरची काळजी सोडा. या चारही फोर्टिफाइड वाईन, म्हणजे वरून स्पिरिट घालून कडक केलेल्या. पोर्ट नि मदेरात १९-२० टक्के मद्यार्क असतो, त्यात व्हिनेगर करणारे जिवाणू तग धरत नाहीत. फिनो १५ च्या आसपास, पण तीही सीलबंद आहे. विषारी वगैरे काही होत नाही. चव जाते, एवढंच.

आता एकच गोष्ट धरून ठेवा. बाटलीत जाण्याआधी त्या वाईनने किती हवा खाल्ली आहे? जिने पिपात वर्षानुवर्षं हवा खाल्ली, ती उघडल्यावर घाबरत नाही. जिला हवेपासून जपलं, ती उघडली की दोन-तीन दिवसांची सोबती.

तुमच्या दोन्ही पोर्टची सुरुवात सारखीच. द्राक्षं तुडवतात (काही ठिकाणी अजूनही दगडी टाक्यांत, पायांनी), रस आंबायला लागतो, आणि दोन-तीन दिवसांत निम्मी साखर उरलेली असतानाच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. ४३५ लिटर वाईनला साधारण ११५ लिटर. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. पोर्टची गोडी ही अशी द्राक्षाचीच. वाटा फुटतात त्या इथून पुढे. व्हिंटेज म्हणजे एकाच चांगल्या सालची. ती दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि पुढची दशकं ती बाटलीतच, हवेविना मुरते. म्हणून काळी, आणि म्हणूनच तळाशी गाळ. तो पांढरा फटका मुद्दाम मारलेला असतो, बाटली हलवली तरी पुन्हा तीच बाजू वर ठेवता यावी म्हणून. टॉनी मात्र पिपात म्हातारी होते. लाकडातून हवा लागत राहते, रंग उतरतो, सुक्या मेव्याचा वास येतो. बाटलीत भरली की तिचं मुरणं संपलं, म्हणून तर भरल्याचं साल छापतात.

शेरी स्पेनमधल्या हेरेसची, आणि तिचं तंत्र उलटं. पालोमिनो द्राक्षाची वाईन आधी पूर्ण आंबवतात, गोडी शून्य होईपर्यंत, आणि स्पिरिट नंतर. १५ टक्क्यांवर आणली की पिपात पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते. तिला फ्लोर म्हणतात. ही साय हवा अडवते, तीच फिनो. १७ च्या वर नेली तर साय जगत नाही, वाईनला हवा लागते, तपकिरी होते, तिचं नाव ओलोरोसो. पिपांच्या रांगा असतात. खालच्या रांगेतून थोडी काढायची, तेवढी वरच्या रांगेतून खाली भरायची, पीप कधी रिकामं करायचं नाही. आपल्या विरजणासारखं, जुनं थोडं कायम आत. तुमची फिनो मात्र गेली समजा. बाटलीत साय नाही, आणि ती भरल्यापासून वर्ष-दीड वर्षात प्यायची वस्तू. २०१२ ची म्हणजे फारच झालं.

मदेराची गंमत सगळ्यात शेवटी. मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट. तिथली वाईन जहाजांतून विषुववृत्त ओलांडून जायची, पिपं उन्हाने तापायची, आणि परत आलेली वाईन जास्त चांगली लागते असं लोकांच्या लक्षात आलं. मग बेटावरच तापवायला लागले. साधी असेल ती टाकीत ४५-५० अंशांवर तीन महिने, चांगली असेल ती माळ्यावरच्या पिपात उन्हाच्या उबेला वर्षानुवर्षं. उष्णता झाली, हवा झाली, आता तिचं कोण काय वाकडं करणार? तुमची उघडी बोआल (हे द्राक्षाचं नाव) बहुतेक चौघींत सर्वांत ठणठणीत असेल. बोटीवरच्या माणसाने बरोबर निवडली होती.

धागाकर्ती:
वा! मग दिवाळीला १९८५ ची उघडावी का? बूच चाळीस वर्षांचं आहे.

समईची वात:
उघडाच, पण घाई नको. दोन दिवस आधी उभी करा, गाळ खाली बसू दे. स्क्रू हळू, सरळ. बूच तुटणारच, तुटलं तर आत ढकला आणि गाळून घ्या. कडबोळ्यांनी सांगितलं नाही म्हणून सांगते, कॉफीचा कागदी फिल्टर वापरू नका, वाईनला कागदाची चव लागते असा माझा अनुभव. मलमल बरं. चक्का बांधायचं फडकं असेल तर उत्तम, फक्त साबणाचा वास नको. काचेच्या जगमध्ये एका धारेत ओता, बाटलीच्या गळ्यामागे टॉर्च धरा, गाळाची रेघ गळ्याशी आली की थांबा. दोन दिवसांत संपवा.

पुस्तकांत व्हिंटेज पोर्ट 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असं असतं. ती खोली तिकडची, १८ अंशांची. मालवणात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय नुसती स्पिरिट नाकात जाईल. टॉनी त्याहून थंड चालते. आणि ग्लास लहान घ्या, पाऊण पेला नाही, ६० मिली पुरे.

मांडवीकाठचा:
टॉनीबरोबर बेबिंका. नारळाचा रस, अंड्याचा बलक, भाजून करपट-गोड झालेले थर. दुसरं काही शोधू नका. १९८५ बरोबर ब्लू चीज मिळालं तर बघा, नसेल तर काजू. आणि गेलेली फिनो फेकायची नाही, लसणीवर परतलेल्या कोळंबीत अर्धी वाटी.

धागाकर्ती (दिवाळीनंतर):
सर्वांचे आभार. वृत्तान्त देते.

फिनो फिक्या चहाच्या रंगाची झाली होती, वास जुन्या सफरचंदाचा. कोळंबीत गेली, कोळंबी छान झाली. १९८५ चं बूच अपेक्षेप्रमाणे तीन तुकड्यांत आलं. सासूबाईंनी काही न बोलता चक्क्याचं फडकं आणून दिलं. वाईन विटकरी लाल होती, काळी नव्हती, आणि पहिल्या घोटाला काहीच कळलं नाही. तासाभराने मात्र दीर एकदम गप्प झाला नि म्हणाला, "बाबांच्या पेटीचा वास येतोय." मला अंजीर आणि तंबाखूचं पान वाटलं. टॉनी तशीच ठेवली आहे, नाताळात गोव्याला जाऊन बेबिंका आणेपर्यंत.

मदेरा ग्लासात ओतली, तर सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर खोकल्याचं औषध. मला थंडीत दोन चमचे द्यायचे." म्हणजे निम्मी बाटली कुठे गेली ते समजलं!

तर आता नवा प्रश्न. थंडी तोंडावर आली आहे आणि बोआल चार बोटं उरली आहे. मुंबईत किंवा गोव्यात कुठे मिळते?